एका जुन्या उत्तराची दुरुस्ती



स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादक मंडळातला आपला मित्र घरी आला तेव्हाच त्याने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी नको लिहू. त्या सगळ्यांच्याच आल्या आहेत, आणि सगळ्यांच्या आठवणीत तोच मधल्या सुट्टीतला चिवडा आहे. तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, इतिहासावर लिही." तेव्हा इतिहासावरच लिहितो आहे. पण सुरुवात शाळेपासूनच करावी लागेल, कारण मला जी चूक दुरुस्त करायची आहे ती मी आपल्या शाळेतच, नववीच्या सहामाही परीक्षेत केली होती.

प्रश्न होता: 'अप्पासाहेब भोसले यांच्या पराभवाची कारणे लिहा.' मी पाच कारणं लिहिली. पहिलंच कारण असं : 'अप्पासाहेब वयाने लहान, अननुभवी व पोरकट होते.' सरांनी समासात लाल शाईने बरोबरची खूण केली, त्याखाली 'छान' लिहिलं, आणि मी तो पेपर घरी आजोबांना दाखवला. आजोबांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुझं वय किती रे?" मी म्हटलं, चौदा. ते एवढंच म्हणाले, "मग बरोबर." त्या बोलण्यातली खोच कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्याच वर्षीची इंग्रजीच्या तासाची एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. सर फळ्यावर वाक्प्रचार लिहून देत आणि आम्ही अर्थ सांगायचा. एकदा त्यांनी 'सॅलड डेज' लिहिलं. सॅलड हा शब्द तेव्हा महालात कुणाच्या घरी होता? मागच्या बाकावरच्या एकाने उठून पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं, "कोशिंबिरीचे दिवस, सर." वर्ग पाच मिनिटं थांबला नाही. तो मित्र आज साठी ओलांडून नातवंडांत रमला आहे, पण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अजूनही कोशिंबीरच आहे.

सरांनी मग अर्थ सांगितला. हा शब्द शेक्सपिअरच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा' या नाटकातला. क्लिओपात्रा आता अँटनीच्या प्रेमात आहे आणि दासी तिला तिच्या जुन्या, ज्युलिअस सीझरवरच्या प्रेमाची आठवण करून देते. तेव्हा ती ते सगळं आपल्या कच्च्या वयावर ढकलून मोकळी होते. सॅलडमधला पाला जसा हिरवा आणि न शिजवलेला, तशी आपली तेव्हाची समज, असा त्याचा भाव. इंग्रजांना हिरवा रंग कच्चेपणाशी जोडायची खोडच आहे. 'ग्रीनहॉर्न' म्हणजे ज्याला नुकती शिंगं फुटली आहेत असा बैल. पुढे तो शब्द नव्या शिपायाला आणि मग कुठल्याही नवशिक्याला लागला. मराठीत हिरवेपणा आपण म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. हिरवट म्हणजे काय हे या वयात समजावून सांगायला नको. शिंगं मात्र आपल्याकडेही आहेत. आपण सगळे येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात जे करणार आहोत, त्याला शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणतात.

कच्च्या वयासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. ओठावरचं दूध वाळलं नाही, मिसरूड फुटलं नाही, मडकं कच्चं आहे. नागपुरात तर नुसतं 'पोट्टं आहे अजून' म्हटलं की पुरे. पण या सगळ्यांत वजनदार शब्द गद्धेपंचविशी. वयाची सोळा ते पंचवीस ही वर्षं माणसाने गाढवपणात घालवायची, असं आपल्या भाषेनेच मान्य करून टाकलं आहे.

इतिहास शिकवता शिकवता माझ्या हळूहळू लक्षात आलं की हे शब्द कोण कोणाबद्दल उच्चारतो, यावर सगळं अवलंबून असतं. क्लिओपात्रा स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या मागच्या दिवसांबद्दल बोलते. माणूस पन्नाशीनंतर 'आमची गद्धेपंचविशी' म्हणतो तेव्हा त्यात थोडी लाज असते आणि पुष्कळसं प्रेम. पण तेच दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हटलं, आणि म्हणणाऱ्याच्या हातात आपल्या घराच्या किल्ल्या असल्या, तर प्रकरण वेगळं होतं. आपल्या महालात नेमकं तेच झालं होतं, आणि नववीतल्या माझ्या उत्तरात त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरे रघुजीराजे २२ मार्च १८१६ ला वारले. १८०३ मधल्या देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाड गमावलेला हा माणूस. त्यानंतरची तेरा वर्षं इंग्रज त्यांच्यामागे तैनाती फौजेसाठी लकडा लावून होते आणि ते शेवटपर्यंत बधले नाहीत. मागे मुलगा परसोजी, पण तो शरीराने पंगू आणि कारभाराला असमर्थ. तेव्हा राज्य कोणी चालवायचं, यावरून दरबारात दोन तट पडले. एका बाजूला राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला परसोजीचे चुलतभाऊ मुधोजी, म्हणजेच अप्पासाहेब. वय विशीचं. बरोबर गद्धेपंचविशीच्या मधोमध.

अप्पासाहेबांना कारभार हवा होता आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सला तह हवा होता. २७ मे १८१६ ला तह झाला. चुलत्याने तेरा वर्षं जे टाळलं ते पुतण्याने दोन महिन्यांत दिलं. तैनाती फौज आली, तिचा खर्च नागपूरच्या माथी आला, आणि परराज्यांशी बोलायचं तर इंग्रजांमार्फत. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत असे की या राजवटीतली सर्वांत मोठी चूक कोणती. ते सीताबर्डीची लढाई म्हणायचे. माझ्या मते ती चूक या कागदावर आहे, आणि ती करणारा एक उतावीळ तरुण होता यात शंका नाही. पण त्या दिवशी समोरच्या बाजूला बसलेल्या कोणीही, 'हा मुलगा लहान आहे, याची सही आपण कशी घ्यावी?' असं म्हटलं नाही. सही हवी होती तेव्हा अप्पासाहेब पुरेसे मोठे होते.

आणि समोर बसलेले तरी कोण होते? जेंकिन्सचा जन्म १७८५ चा. नागपूरच्या रेसिडेन्सीचं काम त्याच्याकडे पहिल्यांदा हंगामी म्हणून आलं तेव्हा त्याची पंचविशी उलटायची होती. त्याच्या आधी इथे रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८०४ मध्ये तो नागपुरात आला तेव्हा चोवीस वर्षांचा. म्हणजे देवगावच्या तहानंतर पोळलेल्या रघुजीराजांसारख्या मुरलेल्या माणसासमोर कंपनी सरकारने ओळीने दोन पोट्टे पाठवले होते. इंग्रजांच्या इतिहासात ही दोघांच्या कर्तबगारीची सुरुवात म्हणून नोंदलेली आहे. तिथे सॅलड कुठे दिसत नाही. त्यांच्यामागे कलकत्ता होतं, फौज होती, चुकलं तर निस्तरणारे वडीलधारे होते. अप्पासाहेबांच्या मागे घरातलाच विरोधी पक्ष होता.

पुढची हकिगत महालातल्या प्रत्येकाला थोडीफार माहीत असते. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजीराजे अंथरुणात मृत सापडले. अप्पासाहेबांनी घातपात करवला असा आरोप इंग्रजांनी नंतर ठेवला. मी इथे अप्पासाहेबांची वकिली करायला बसलेलो नाही. तो आरोप नुसता हवेतला होता असंही मी म्हणणार नाही. ते गादीवर आले आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं असावं की गादीवर आपण बसलो असलो तरी ती आपली राहिलेली नाही. नोव्हेंबरच्या ५ तारखेला पुण्यात बाजीराव पेशव्यांनी खडकीला इंग्रजांशी युद्ध सुरू केलं. तिथला रेसिडेंट पुन्हा तोच एल्फिन्स्टन. जेंकिन्सने मना केलं असतानाही अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली खिलत भर दरबारात स्वीकारली. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीला तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई संपली. टेकडीवर इंग्रजांची माणसं हजार-दीड हजार, खाली भोसल्यांचं सैन्य त्याच्या कित्येक पट. अरबांनी लहान टेकडी घेतलीसुद्धा होती. पण लढाई चालू असतानाच अप्पासाहेब निरोप पाठवत होते की हे माझ्या हुकुमाविना चाललं आहे. नववीत मी 'पोरकट' लिहिलं ते बहुधा याच वाक्यावरून. आज मला त्यात पोरकटपणापेक्षा एक पाय मागे ठेवून उडी मारणाऱ्या माणसाची भीती जास्त दिसते.

१६ डिसेंबरला अप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले. राजा गेला तरी लढाई संपली नव्हती, आणि हा भाग पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला होता याचं मला अजून वाईट वाटतं. सक्करदऱ्याला फौजेने तोफा द्यायला नकार दिला. ती फौज मोडल्यावर अरब आणि हिंदुस्थानी शिपाई शहरात शिरले आणि राजवाड्याभोवतीचा भाग धरून बसले. म्हणजे कुठे? जिथून आपण दप्तरं घेऊन रोज यायचो तिथे. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर हल्ला केला आणि तो परतवला गेला. जुम्मा दरवाजा म्हणजे आपलं गांधी गेट, ज्याच्याखाली सायकली उभ्या करून आपण तासन् तास टवाळक्या केल्या. तिथे इतकी वर्षं उभे राहूनही आपल्यापैकी कोणाला ते ठाऊक नव्हतं. शेवटी महिनाअखेरीस अटी ठरवून अरब बाहेर पडले.

अप्पासाहेबांना १८१८ च्या मार्चमध्ये अटक झाली. त्यांना उत्तरेकडे नेत असताना मे महिन्यात जबलपूरच्या वाटेवर ते शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आसरा दिला. तिथून असीरगड, पुढे पंजाब आणि शेवटी जोधपूर. १८४० मध्ये ते तिथेच वारले. विशीत केलेल्या चुकीचं मोल त्यांनी पुढची बावीस वर्षं परमुलखात राहून दिलं. आपल्या गद्धेपंचविशीला हसायची सोय त्यांना मिळाली नाही.

आता दुसरा मुलगा. हा तर खरोखरच मूल होता. अप्पासाहेब गेल्यावर रिकाम्या गादीवर रघुजीराजांच्या मुलीचा, बानूबाईंचा मुलगा बाजीबा याला दत्तक घेऊन बसवलं. २६ जून १८१८. वय दहाच्या आसपास. तो तिसरा रघुजी झाला. घरात देखरेख आजोबांच्या राणीची, बाकाबाईंची, आणि राज्य चालवणार जेंकिन्स. कारण काय, तर राजा अज्ञान आहे. कायद्यातला हा 'अज्ञान' शब्द मला नेहमी बोचतो. इंग्रजीत 'मायनर' म्हणजे नुसता लहान. मराठी दप्तरात त्याचा अज्ञान झाला, आणि वयाचा प्रश्न अकलेचा होऊन बसला.

जेंकिन्सने राज्य वाईट चालवलं असं म्हणता येणार नाही. त्याचा नागपूर मुलखावरचा १८२७ चा अहवाल माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं होता. जमीन, पिकं, जाती, वजनं-मापं, सगळं त्यात आहे, आणि नागपूरवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडे जावंच लागतं. पण त्या कारभारात राजाला काय शिकवलं, याचा शोध घेतला की हाताला फार थोडं लागतं. १८२६ च्या डिसेंबरमध्ये, राजा अठरा वर्षांचा झाल्यावर, नवा तह करून त्याच्या हाती काही मुलूख दिला गेला. उरलेला मिळायला आणखी तीन-चार वर्षं गेली. हप्त्याहप्त्याने शहाणपण परत केल्यासारखं.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. औरस मुलगा नव्हता. तेव्हाचा रेसिडेंट मॅन्सेल भोसले घराण्याबद्दल सहानुभूती बाळगणारा होता, पण त्याच्याच अहवालात राजाच्या शौकांची यादी आहे : कुस्त्या, पतंग, पत्ते, नाचगाणी. राजाचं कारभारात लक्ष नव्हतं हे दाखवायला ही यादी पुढे उपयोगी पडली. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मिळेल त्या भावाने विकले गेले, जवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. राजवाडा १८६४ मध्ये जळाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला.

नागपूरकराने पतंग उडवला हा गुन्हा कसा, हे संक्रांतीच्या दिवशी महालातल्या कोणत्याही गच्चीवर जाऊन विचारावं. गंमत सोडा. पण दहाव्या वर्षी ज्याच्या हातून राज्य काढून घेतलं, अठराव्या वर्षी त्याला ते तुकड्यांनी दिलं, आणि मेल्यावर म्हटलं की हा शेवटपर्यंत पोरच राहिला. त्याला पोर कोणी ठेवला होता?

या सगळ्याला पुढे कायद्याचं रूपही आलं. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने हिंदुस्थानात वयाची मर्यादा अठरा ठरवली. मात्र ज्या मुलावर न्यायालयाने पालक नेमला आहे किंवा ज्याची इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे आहे, त्याच्यासाठी एकवीस. म्हणजे गरिबाचा मुलगा अठराव्या वर्षी शहाणा होई. जमीनदाराच्या मुलाला, जमीन सरकारी देखरेखीखाली असेल तर, आणखी तीन वर्षं लागत.

हे लिहिताना सारखा एक तिसरा मुलगा डोळ्यांसमोर येतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नागपूर पेटलं तेव्हा मगनलाल बागडींच्या हिंदुस्थानी लाल सेनेतली पोरं रस्त्यावर होती. त्यांतल्या शंकर महाले याला १९ जानेवारी १९४३ ला नागपूरच्या तुरुंगात फाशी दिली. वय अठरा. त्याच्या चारच महिने आधी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता गोळीला बळी पडला होता, तो पंधराचा. शंकरच्या वेळी मात्र ओठावरचं दूध, कच्चं मडकं, अज्ञान, यातला एकही शब्द कोणाला आठवला नाही. याच शहरात त्याच्या वयाच्या एका राजाला आपलं राज्य चालवायला तो लहान ठरला होता.

आपली बॅच दहावी झाली १९७६ ला. १९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक आली तेव्हा आपण एकोणीस-वीस वर्षांचे होतो. काही जण नोकरीला लागले होते, एकाचं लग्न झालं होतं, दोघे फौजेत होते, आणि मत एकालाही नव्हतं, कारण तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. ते अठरा व्हायला १९८९ उजाडलं. बडकस चौकात प्रचाराच्या जीपमागे आपण घसा बसेपर्यंत ओरडलो होतो, आठवतं? ज्यांच्यासाठी ओरडलो त्यांनीही 'पोट्टे आहेत, ओरडू द्या' एवढंच म्हटलं असेल.

मागच्या महिन्यात माझ्या नातवाचं काही ठरवायला घरची सगळी मंडळी बसली होती. तो आहे सतरा वर्षांचा. त्याने तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" तो गप्प बसला. रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे उठून मी हा लेख लिहायला घेतला. त्याच्याशी बोलणं झालं आहे. काय ठरलं ते तो सांगेल, मी नाही.

तर नववीतल्या प्रश्नाचं उत्तर, उशिरा का होईना, असं :

'अप्पासाहेब भोसले यांच्या पराभवाची कारणे : (१) १८१६ चा तह. तो त्यांनी केला, आणि त्यांचं वय पाहूनही तो त्यांच्याकडून करवून घेण्यात आला. (२) घरातली फूट. (३) लढायचं की नाही हे लढाई सुरू झाल्यावरही न ठरणं. (४) समोरच्याच्या चुका निस्तरायला मोठी सत्ता होती, यांच्या चुका निस्तरायला कोणी नव्हतं. (५) वय : हे कारण मी खोडत आहे.'

इतिहासाचे आपले सर रविवारी येणार आहेत असं कळलं. लाल पेन मी घेऊन येतो.